मोफत सॉफ्टवेअर शोधताना : हे बनवतंय कोण आणि त्याचं पोट कशावर भरतं?

भाचीला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. फोटो २० ते ५० केबीच्या दरम्यान हवा, माप २०० गुणिले २३० पिक्सेल. सही १० ते २० केबी, माप १४० गुणिले ६०. मोबाइलवर काढलेला तिचा फोटो होता साडेतीन एमबीचा आणि मुदत संपायला एकच रात्र उरली होती. तिनं घाईघाईत ‘फोटो साइज कमी फ्री’ असं काहीतरी सर्च केलं, सगळ्यात वरचा दुवा उघडला, मोठं हिरवं बटण दाबलं आणि उतरलेली फाइल चालवली. फोटो लहान झाला खरा, पण त्यावर आडवा वॉटरमार्क आला. तो घालवायचा तर पैसे भरा. दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडला तर पहिलं पान भलतंच, आणि कोपऱ्यात दर थोड्या वेळानं ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले आहेत’ अशी खिडकी वर येत होती.

तो पसारा आवरण्यात माझा अख्खा रविवार गेला. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. तिला जे काम करायचं होतं, त्यासाठी खरोखरची मोफत, जगभर वापरली जाणारी, उत्तम सॉफ्टवेअर आहेत. ती शोधायची कशी, हे मात्र तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या रविवारी आवराआवर करता करता तिला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडतोय.

‘फ्री’ म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दामुळे फार गोंधळ होतो. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ‘फुकट’ आणि ‘मुक्त’, आणि हा फरक आपल्याला सहज कळायला हवा. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून ते हेच सांगत आले आहेत की त्यांचं ‘फ्री’ म्हणजे मुक्त. असं सॉफ्टवेअर कुणीही, कशासाठीही वापरावं. ते आतून कसं चालतं ते पाहावं. त्यात बदल करावेत. त्याच्या प्रती, अगदी बदल केलेल्याही, दुसऱ्यांना द्याव्यात. त्यासाठी सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सगळ्यांसाठी उघडा असतो. मसाल्याचं पाकीट फुकट देणं वेगळं आणि मसाल्यात काय किती घालायचं, कसं भाजायचं, हे कागदावर लिहून देणं वेगळं. पाकीट संपलं की संपलं. कागद हातात असेल तर गल्लीतलं कुणीही मसाला कुटू शकतं.

आता नुसत्या फुकटाचे प्रकार. काही सॉफ्टवेअर खरंच फुकट असतात, पण कोड बंद असतो. फोटो पाहण्यासाठीचं इरफानव्ह्यू हे त्यातलं जुनं आणि सज्जन उदाहरण : घरगुती वापराला फुकट, धंद्यासाठी वापरायचं तर परवाना विकत. काही सॉफ्टवेअर म्हणजे नुसती चव असते : महिनाभर चालवा, मग पैसे, किंवा चालवा, पण सेव्ह करताना पैसे. आणि काहींची खरी कमाई तुमच्या स्क्रीनवर जाहिराती दाखवण्यात किंवा सोबत दुसरी चार सॉफ्टवेअर गुपचूप घुसवण्यात असते. भाचीच्या वाट्याला आलं ते शेवटच्या दोन प्रकारांचं मिश्रण होतं.

म्हणून शोधताना ‘हे फ्री आहे का’ हा प्रश्न पुरत नाही. हे बनवतंय कोण आणि त्याचं पोट कशावर भरतं, हे विचारायचं. पत्रं, तक्ते करायच्या लिबरऑफिसमागे बर्लिनमधली द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे आणि ती देणग्यांवर चालते. फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाला बरेचसे पैसे सर्च इंजिनांशी केलेल्या करारांतून मिळतात. व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसीचं बीज १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्राल या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात आहे. २००१ मध्ये ते मुक्त परवान्याखाली आलं आणि आज त्यामागे व्हिडिओलॅन ही ना-नफा संघटना आहे. या तिन्हींच्या बाबतीत उत्तर उघड्यावर सापडतं. जिथे शोधूनही सापडत नाही, तिथे हात आखडता घ्यावा.

मुक्त असण्याचा फायदा सामान्य माणसाला काय? कोड वाचणारे आपण थोडेच. पण दोन घटना शेजारी ठेवून पाहा. गुगलचं पिकासा हे फोटोंचं सॉफ्टवेअर आपल्याकडे घरोघरी आणि फोटो स्टुडिओंमध्येही होतं. फुकट होतं, छान होतं. २०१६ मध्ये कंपनीनं ते बंद केलं आणि विषय संपला; कोड बंद असल्यामुळे दुसऱ्या कुणाला ते पुढे नेता आलं नाही. उलट, ओपनऑफिस सन कंपनीकडून ओरॅकलकडे गेल्यावर त्याच्या भवितव्याबद्दल शंका वाटू लागली, तेव्हा २०१० मध्ये त्यावर काम करणाऱ्या मंडळींनी तोच कोड घेऊन लिबरऑफिस उभं केलं. वापरणाऱ्यांच्या फायली, सवयी, सगळं शाबूत राहिलं. घरातले दहा वर्षांचे कागद ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते उद्या असेल का, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे.

शोधायचं कसं?

पहिल्यांदा घरात काय आहे ते पाहा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासून असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. कुठलंही पान पीडीएफ करायचं असेल तर प्रिंट दाबून प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडायचं; वेगळं काही टाकावं लागत नाही. ‘पीसी क्लीनर’, ‘रॅम बूस्टर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ अशा नावांच्या वाटेला तर जाऊच नका. ही कामं विंडोज स्वतः करतं आणि भोंदू सॉफ्टवेअरचा सुळसुळाट याच नावांनी असतो.

घरात नसेल तर मग बाहेर. इथे माझी रीत अशी : आधी फक्त नाव शोधायचं, डाउनलोड नाही. नाव कळलं की ते विकिपीडियावर पाहायचं. तिथे उजव्या बाजूच्या चौकटीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात : बनवणारा कोण, परवाना कोणता, शेवटची आवृत्ती कधी आली आणि अधिकृत संकेतस्थळ कोणतं. शेवटची आवृत्ती सात-आठ वर्षांपूर्वीची असेल तर ते सॉफ्टवेअर सोडून द्यायचं. संकेतस्थळ तिथूनच उघडायचं. सर्चमध्ये सगळ्यात वर जे दिसतं त्यावर बऱ्याचदा बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. ती जागा विकत मिळते आणि फसवणाऱ्यांनाही ती परवडते. पत्त्यात एका खुणेचाही फरक पडतो. झिप फायली उघडणाऱ्या सेव्हन-झिपचा खरा पत्ता डॉट ऑर्गचा आहे आणि त्यात सातच्या आकड्यानंतर आडवी रेघ आहे.

डाउनलोडची भांडारं म्हणून चालणाऱ्या साइटवरून शक्यतो काही घेऊ नये. यात नावाजलेल्या जागाही घसरल्या आहेत. सोर्सफोर्ज हे एके काळी मुक्त सॉफ्टवेअरचं माहेरघर होतं. २०१५ मध्ये तिथून मिळणाऱ्या, फोटोंवर काम करायच्या गिंपच्या इन्स्टॉलरला जाहिरातींचं वेष्टण लावलेलं आढळलं, तेही गिंपच्या मंडळींनी ती जागा आधीच सोडलेली असताना. पुढे मालकी बदलल्यावर तिथला कारभार सुधारला, पण धडा कायम आहे. आपल्याकडे २०२२ मध्ये व्हीएलसीचं अधिकृत संकेतस्थळ बऱ्याच ठिकाणी उघडेनासं झालं होतं. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं ती बंदी उठवली. अशा काळात लोक हाताला येईल तिथून फाइल उतरवतात, आणि नेमकी तेव्हाच जास्त काळजी लागते.

फाइल चालवताना विंडोज परवानगी विचारतं, ती खिडकी वाचा. बनवणाऱ्याची खरी डिजिटल सही असलेल्या सॉफ्टवेअरवर प्रकाशकाचं नाव दिसतं आणि पट्टा निळा असतो. सही नसेल तर पट्टा पिवळा आणि प्रकाशक ‘अननोन’. पिवळा म्हणजे चोरच असं नाही. सेव्हन-झिपसारखं भलं सॉफ्टवेअरही सही न करता येत आलंय, कारण सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. पण व्हीएलसी म्हणून उतरवलेल्या फाइलवर व्हिडिओलॅनऐवजी भलतंच नाव दिसलं तर तिथेच थांबा. शंका आली तर ती फाइल व्हायरसटोटल या साइटवर टाकून पाहता येते. तिथे डझनावारी अँटिव्हायरस एकाच वेळी तपासणी करतात. मात्र तिथे फक्त इन्स्टॉलर टाका, घरचे कागद कधीच नाहीत, कारण तिथे टाकलेल्या फायली इतर तज्ज्ञांनाही पाहता येतात.

आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जाऊ नका. ‘कस्टम’ असा पर्याय असला तर तो घ्या आणि आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटी एकेक वाचा.

फोटो, अर्ज आणि कागदपत्रं

भाचीचा फोटो शेवटी असा झाला. विंडोज ११ च्या ‘फोटोज’मध्ये ‘रिसाइझ इमेज’ आहे. तिथे पिक्सेल आणि गुणवत्ता दोन्ही बदलता येतात. बऱ्याचदा काम तिथेच भागतं. तिच्या मशीनवर विंडोज १० होतं, म्हणून गिंप घेतलं. आधी कापणी : ‘क्रॉप’ हत्यार निवडून त्याच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’वर टिक, शेजारी ‘आस्पेक्ट रेशो’, खाली २००:२३०. मग चौकट ओढली की ती त्याच प्रमाणात राहते, चेहरा ताणला जात नाही. नंतर ‘इमेज’ मेनूतल्या ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी २०० केली की उंची आपोआप २३० होते. शेवटी ‘एक्सपोर्ट अ‍ॅज’, फाइल जेपीजी. तिथे गुणवत्तेची पट्टी येते आणि खाली प्रिव्ह्यूची चौकट टिक केली की फाइल किती केबीची होईल ते आधीच दिसतं. पट्टी मागेपुढे करून आकडा वीस आणि पन्नासच्या मध्ये आणायचा. पेंटमध्येही पिक्सेल बदलता येतात, पण केबीवर असा ताबा मिळत नाही.

हे शिकायला तिला वीस मिनिटं लागली. पुढच्या तीन फॉर्मना मला फोन आला नाही.

पीडीएफचं काम तर प्रत्येक घरात असतं : मार्कशीट, आधार, उत्पन्नाचा दाखला, सगळं एकाच फाइलमध्ये जोडा. त्यासाठी लोक सर्रास कुठल्या तरी ऑनलाइन साइटवर आधार कार्ड आणि बँकेचं स्टेटमेंट चढवतात. ते करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पीडीएफसॅम बेसिक हे मुक्त सॉफ्टवेअर तुमच्याच कॉम्प्युटरवर फायली जोडतं, तोडतं, पानं फिरवतं. कागद घराबाहेर जातच नाहीत. पीडीएफ फॉर्मवर नाव टाकायचं किंवा सही डकवायची असेल तर ती फाइल फायरफॉक्समध्ये उघडा. वर मजकूर आणि चित्र जोडण्याची बटणं आहेत. स्कॅनर असेल तर नॅप्स२ हे स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर पाहा. त्यात टेसरॅक्ट हे छापील अक्षरं ओळखणारं इंजिन जोडता येतं आणि टेसरॅक्टला मराठी वाचता येतं. स्वच्छ छापील पान बऱ्यापैकी उतरतं. हस्ताक्षराची मात्र अपेक्षा ठेवू नका; आणि आजोबांच्या पेटीतले मोडीतले कागद त्याच्याकडून वाचून होणार नाहीत, ते मोडी जाणणाऱ्या माणसाकडेच न्यावे लागतात.

मराठी लिहायचं असेल तर

पत्र, सोसायटीचं इतिवृत्त, लग्नाची यादी, घरखर्चाचा तक्ता, या सगळ्याला लिबरऑफिस पुरतं. पण मराठीसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच करून ठेवायची : ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’, तिथे भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडायचं. देवनागरीचा फाँट आणि आकार लिबरऑफिस रोमन लिपीपासून वेगळा सांभाळतं. हे माहीत नसलं की ‘मी फाँट मोठा केला तरी मराठी लहानच राहतं’ अशी तक्रार होते. मराठी शुद्धलेखन तपासणीचा शब्दकोशही वेगळा जोडता येतो.

टाइप करायला विंडोजच्याच भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणारा फोनेटिकही. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते. फाँटसाठी नोटो, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत. पत्रिकेत, पुस्तकात बिनधास्त छापावेत. छपाईला किंवा झेरॉक्सच्या दुकानात नेताना मात्र मूळ फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधलेला असतो, त्यामुळे दुकानदाराच्या मशीनवर जोडाक्षरं फुटत नाहीत.

अनेकांच्या घरी वीसेक वर्षांपूर्वीच्या अशा फायली आहेत ज्या आज उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या बिघडलेल्या नाहीत. जुन्या फाँटनी काय केलं होतं, तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलं होतं. कृतिदेव या अशाच फाँटमध्ये लिहिलेला ‘काम’ हा शब्द फाइलमध्ये खरं तर डी, के, ई अशी तीन अक्षरं असतात. कृतिदेव नसलेल्या मशीनवर ती तशीच दिसणार. युनिकोड या आजच्या पद्धतीत ‘क’ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, आणि तो कुठल्याही फाँटमध्ये ‘क’च राहतो. त्यामुळे मूळचा जुना फाँट परत टाकून फाइल एकदा वाचता येते, आणि कायमची सोय हवी असेल तर परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. परिवर्तक प्रत्येक जुन्या फाँटसाठी वेगळा लागतो आणि रफार, ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहतात, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घालाच.

बाकी कामं भराभर सांगतो. सगळ्या प्रकारचे व्हिडिओ चालवायला व्हीएलसी. पासवर्ड वहीत लिहिण्याऐवजी कीपासएक्ससी. मात्र त्याचा एक मुख्य पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही. ठरलेल्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायला फ्रीफाइलसिंक.

दुकानदार नवा कॉम्प्युटर देताना ‘सगळं टाकून देतो’ म्हणतो, त्यात क्रॅक केलेलं, म्हणजे परवाना न घेता चालवलेलं विंडोज आणि ऑफिस असतं. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे दार उघडं टाकून झोपायला सांगतात. आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ११ न चालणारी कितीतरी चांगली मशीन भंगारात काढण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली टाकून पाहा. ४ जीबी रॅमवर ते नीट चालतं, पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून पाहता येतं, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वायफाय, प्रिंटर, आवाज चालतोय ना ते आधी तपासायचं आणि मगच टाकायचं. केरळच्या सरकारी शाळा बरीच वर्षं मुक्त प्रणालीवर चालल्या आहेत; आपल्या घरी ब्राउझर, लिबरऑफिस आणि व्हीएलसी एवढंच लागत असेल तर फरक फारसा जाणवत नाही.

कॅसेटमधल्या ओव्या

मला सगळ्यात समाधान मिळालं ते आवाज टेप करून साफ करणाऱ्या ऑडॅसिटीकडून. १९८९ च्या उन्हाळ्यात मोठ्या मामानं आजीच्या जात्यावरच्या ओव्या साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर टेप केल्या होत्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, हेडफोनच्या भोकातून एक केबल कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घातली. लॅपटॉपला बहुधा एकच मिसळलेलं भोक असतं आणि त्यात फक्त माइक चालतो. तेव्हा लाइन-इन असलेलं यूएसबीचं साउंड कार्ड घ्यावं लागतं. एका बाजूला तीस मिनिटं लागतात, घाई करता येत नाही. मिनिटाला साधारण दहा एमबी धरलं तर एक बाजू तीनशे एमबीची होते. मूळ रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये ठेवलं, म्हणजे जागा कमी लागते आणि आवाजातलं काही जात नाही. मामाकडे पाठवायला एमपी३ वेगळी काढली.

टेपची सरसर कमी करायला ऑडॅसिटीत ‘नॉइज रिडक्शन’ आहे. जिथे फक्त सरसर आहे असे एक-दोन सेकंद निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं, मग सगळं निवडून ‘नॉइज रिडक्शन’ पुन्हा चालवायचं. मी ओवी सुरू होण्याआधीचे दोन सेकंद घेतले. आवाज एकदम स्वच्छ झाला, आजी शेजारच्या खोलीत गातेय असा. पण काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं : जात्याची घरघर गेली होती. त्या दोन सेकंदांत आजीनं जातं ओढायला सुरुवात केलेली होती आणि सॉफ्टवेअरनं त्यालाही नको असलेला आवाज धरलं होतं.

सगळं मागे घेतलं. कॅसेटच्या अगदी सुरुवातीला, जातं सुरू होण्याच्याही आधी, एक सेकंदभर नुसती टेप वाजते. तेवढा तुकडा निवडला आणि कमी करण्याचा आकडा निम्म्यावर आणला. सरसर थोडी राहिली. घरघर परत आली, आणि तिच्या तालावर आजीची ओवी.